हयातीचा दाखला

आमच्या सरकारी मराठीने भाषेला जी रत्ने दिली, त्यांत 'हयातीचा दाखला' हे एक अस्सल रत्न आहे. जन्माचा दाखला असतो, मृत्यूचाही असतो. पण या दोहोंच्या मधल्या अवस्थेलाही दाखला लागतो, हे माणसाला साठी उलटल्याशिवाय कळत नाही. पेन्शनर मंडळी दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन 'आम्ही आहोत' असे लिहून देतात. श्रावणबाळ योजनेचे पैसे घेणाऱ्या निराधार म्हाताऱ्यांनाही वर्षाकाठी एकदा आपले जिवंतपण सिद्ध करावे लागते. २०२३ साली या योजनेतले महिना हजार रुपये दीड हजार झाले, हे चांगलेच झाले. आईबापांची कावड आता सरकारने खांद्यावर घेतली आहे म्हणायची. फक्त कावडीत बसायला म्हातारीने स्वतः तालुक्याला जायचे असते.

बरे, जाऊन तरी काय? जन्मभर खुरपे धरलेल्या, कांदे काटलेल्या हाताच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. यंत्रावर अंगठा ठेवला की यंत्र ओळख देत नाही. बाई समोर उभी आहे, चांगली खणखणीत बोलते आहे, आणि यंत्र म्हणते, ही ती नव्हेच! मग पदराला बोट पुसून पुन्हा लावायचे.

शिरूर तालुक्यात पाबळच्या शेजारी केंदूर आहे. कान्होराज महाराज पाठकांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना ते ठाऊक असते. या सगळ्या टापूत कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटेचा काकडा चालतो. म्हणजे हा अंक आपल्या हातात पडेल तेव्हा तो ऐन भरात असेल. देवाला उठवायला जमलेली ही मंडळी बहुतेक साठीपुढचीच. बायका पुष्कळ. भजन चालू असतानाच कोण आले, कोण नाही, याची मोजदाद मनातल्या मनात होत असते. "आज तात्या दिसनात?" "थंडी भरलीय म्हणं." "मंग जाता जाता हाक मारून जा की रं." घरी परतताना कुणीतरी दारात उभे राहून हाक मारतो, आतून खोकत का होईना 'ओ' येते, आणि त्या दिवसापुरता तात्यांचा हयातीचा दाखला निघतो. त्याला अर्ज नाही, अंगठा नाही. वर्षभर संध्याकाळच्या हरिपाठालाही हाच हिशेब असतो.

शहरातल्या वाचकाने यावरून गावातले म्हातारपण सुखाचे आहे असे मात्र समजू नये. पाराखाली बसलेली पागोटी पाहून आपल्याला गहिवरून येते. पण पार हा पुरुषांचा असतो, हे कोणी सांगत नाही. बाईचे सत्तरीतही चूल, नातवंडे आणि कांद्याची निवडणूक सुटत नाही. काकडा आणि हरिपाठ ही तिची बाहेर पडण्याची जागा. आणि तीही आता दूर गेली आहे, अगदी मैलाच्या हिशेबाने दूर. विहिरींवर विजेचे पंप आले, तशी माणसे गावठाण सोडून मळ्यात घरे बांधून राहू लागली. पिकाच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच होते. पण देऊळ, पार, दवाखाना गावठाणात राहिला आणि म्हातारी मळ्यात. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी. फुकट झाली. लेकीच्या गावाला जायला कुणाच्या खिशाकडे पाहावे लागत नाही, ही केवढी मोठी गोष्ट! पण एस.टी. काही बांधावरून जात नाही.

मुलगा चाकणला नाहीतर रांजणगावला कारखान्यात असतो. आईबापांना न सांभाळणाऱ्या मुलाकडून चरितार्थाचा खर्च मागता यावा म्हणून २००७ साली कायदा झाला. इथे त्याचा उपयोग नाही, कारण हा मुलगा वाईट नाही. तो पैसे देतो, रोज रात्री फोन करतो. पण म्हातारी पहाटे न्हाणीत घसरून पडली, तर ते त्याला रात्री कळायचे. न्हाणीच्या ओल्या दगडावर चौदा तास!

'आमच्याकडे असे व्हायचे नाही' असे जपानातही लोक म्हणत असतील. २०१० साली टोकियोत एका १११ वर्षांच्या गृहस्थांचा सत्कार करायला अधिकारी घरी गेले, तेव्हा ते सुमारे ३० वर्षांपूर्वीच वारल्याचे उघड झाले. कागदोपत्री मात्र ते हयात होते आणि पेन्शन चालू होते! मग देशभरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा शंभरी ओलांडलेल्या २ लाख ३० हजारांहून अधिक माणसांचा ठावठिकाणा लागेना. त्याच जपानात दुसरीही एक रीत आहे. याकुल्ट नावाचे आंबवलेल्या दुधाचे पेय घरोघर पोचवणाऱ्या बायका १९७२ पासून एकट्या राहणाऱ्या वृद्धांची जाता जाता विचारपूस करतात.

हे वाचले तेव्हा मला केंदूरच्या बाजूचे दूध आठवले. जपानात दूध घरी येते, आपल्याकडे ते घरातून जाते, एवढाच फरक. दूध गोळा करणारा पोरगा किटल्या अडकवलेली मोटारसायकल घेऊन सकाळ-संध्याकाळ वस्त्यावस्त्यांवर फिरतो. ज्या बांधावर तलाठी वर्षात दिसत नाही, तिथे हा दिवसातून दोनदा जातो. कोणत्या दारात रोज कोण किटली घेऊन उभे असते, हे त्याला तोंडपाठ असते. त्याच्यापाशी आशाताईंचा आणि एका शेजाऱ्याचा फोन नंबर द्यावा. ओळखीचे माणूस दारात दिसले नाही, तर त्याने हाक मारावी, उत्तर आले नाही तर फोन लावावा. ग्रामपंचायतीने त्याच्या पेट्रोलात थोडी भर घातली तरी पुरे. वृद्धाश्रमाच्या एका खोलीला जेवढा खर्च येतो, त्यात वाड्यावस्त्यांसकट सगळे गाव भागेल.

यातली अडचणही उघड आहे. ज्या घरी जनावर नाही, त्या घरी हा पोरगा जातच नाही. आणि सगळ्यांत एकटी, सगळ्यांत गरीब म्हातारी नेमकी तिथेच असते. तेवढ्या चार-दोन घरांसाठी त्याने वाट वाकडी करावी लागेल. गाडीवरून उतरायलाही नको. बांधावरून हॉर्न वाजवावा, आतून "हाये रं बाबा" असे ऐकू आले, की पुढच्या वस्तीला निघावे.