टेबलामागच्या माणसाच्या हाती माइक द्या

सप्टेंबर २०२५ मध्ये विशाखापट्टणमला २८वी राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स परिषद झाली. तिथे धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्याच्या रोहिणी ग्रामपंचायतीला सुवर्ण पुरस्कार मिळाला. आदिवासी भागातल्या एका गावाने कागदाशिवाय कारभार करून दाखवला, याचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण अशा परिषदांना येणारे बहुतेक जण पुरस्कार मिळवणारे नसतात. ते आपापल्या गावात रोज अडखळत काम करणारे असतात आणि त्यांचे अडखळणे मंचावर क्वचितच येते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कामानिमित्त स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी भरलेल्या काही परिषदांना गेलो आहे. मंचावर डॅशबोर्ड, अॅप, टक्केवारी असते. खरी माहिती जेवणाच्या रांगेत मिळते. कोणी ग्रामपंचायत अधिकारी सांगतो की त्याच्याकडे तीन गावांचा कारभार आहे. कोणी संगणक परिचालक सांगतो की रेंज नसते तेव्हा नोंदी आधी वहीत करतो आणि रात्री घरून भरतो. हे बोलणे कुठल्याही अहवालात येत नाही.

यातला एकच विषय घेऊ : नाव.

माझे गाव रोहिणखेड, मोताळा तालुका. आमच्या वऱ्हाडात मुसलमान माणसाचे नाव ‘शेख रहीम शेख करीम’ असे लिहितात. ‘शेख’ आधी येते, वडिलांच्या नावाआधी पुन्हा येते. पण अनेक अर्जांत चौकटी तीनच असतात : नाव, वडिलांचे नाव, आडनाव. हे नाव त्या चौकटींत कसे बसवायचे, हे परिचालकाला कोणी शिकवलेले नसते. एका कागदावर ‘शेख’ पुढे जाते, दुसऱ्यावर मागे, तिसऱ्यावर एकदाच उरते. इंग्रजीत त्याच ‘शेख’ची स्पेलिंगे तीन-चार होतात. जुबेरचा झुबेर होतो, रिझवानचा रिजवान. आईचे नाव एका दाखल्यात ‘बी’सह असते, दुसऱ्यात ‘बी’शिवाय. ही अडचण फक्त आपली नाही. लग्नानंतर नाव बदललेली प्रत्येक बाई आणि आडनाव न लावणारी कित्येक कुटुंबे याच चौकटींत अडकतात.

पूर्वी अशी चूक शाळेच्या हेडमास्तरांशी बोलून निभावून जायची. आता तसे होत नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलासाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, आधार, सरकारी नोकरी अशा कामांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. नोंद वर्षभरात झाली नाही तर दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागतो. २०२५ मध्ये महाराष्ट्रात उशिराच्या जन्मदाखल्यांची तपासणी सुरू झाली आणि अनेक दाखले रद्दही झाले. अशा काळात एका अक्षराचा फरक एखाद्या मजुराला तालुक्याच्या किती फेऱ्या घालायला लावतो आणि त्यात त्याची किती रोजंदारी बुडते, याचा हिशेब कुठल्या डॅशबोर्डवर दिसतो?

सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक साधा नियम आहे. काय बिघडले ते वापरणाऱ्याला विचारावे आणि त्याला दोष न देता विचारावे. पुरस्कारांच्या परिषदेत कोणी आपली चूक सांगणार नाही, कारण समोर साहेब बसलेले असतात. म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. परिषदेचा निम्मा वेळ नोंदी करणाऱ्यांना द्या. प्रत्येकाने अडलेली दोन प्रकरणे, नावे झाकून, घेऊन यावीत आणि अर्ज तयार करणाऱ्यांनी समोर बसून ती ऐकावीत. अर्जात ‘पूर्ण नाव, घरचे लोक सांगतात तसे’ अशी एक चौकट असावी. दाखला छापण्याआधी मजकूर कुटुंबाला मोठ्याने वाचून दाखवावा. यासाठी नवे अॅप लागत नाही. आणि परिषदेहून परतलेल्या कर्मचाऱ्याने पुढच्या ग्रामसभेत दहा मिनिटे उभे राहून काय शिकून आलो ते सांगावे.

त्या ग्रामसभेत आपणही असायला हवे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा ग्रामसभेसाठी सर्वांच्या ओळखीच्या आहेत. तरी आपल्या मोहल्ल्यातून किती लोक जातात? बायका किती जातात? दाखला चुकला की आपण ग्रामपंचायतीत भांडायला जातो, पण नियम ठरतो तेव्हा खुर्ची रिकामी असते. बाळाचा जन्म २१ दिवसांत नोंदवला तर शुल्क लागत नाही. नोंदवण्याआधी आई-वडिलांचे आधार, शाळेचा दाखला आणि मतदार यादीतील नाव जुळते का, हे घरातल्या शिकलेल्या मुलीनेही तपासता येईल. जुन्या नोंदीत चूक असेल तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या कलम १५ ने निबंधकाला दिला आहे. हे कलम मोहल्ल्यातल्या दोन तरुणांना जरी माहीत असले तरी दलालाचे पैसे वाचतील.

रोहिणखेडची मशीद खुदावंद खान महदवीने १५८२ मध्ये बांधली, हे आपण आजही सांगू शकतो, कारण त्या काळी कोणीतरी नाव आणि साल नीट नोंदवून ठेवले. त्याच गावात गेल्या आठवड्यात जन्मलेल्या मुलीचे नाव तितक्याच काळजीने लिहिले जावे, एवढीच अपेक्षा आहे. ते लिहिणाऱ्याला परिषदेला जरूर पाठवा. पण तिथे त्याला बोलूही द्या.