एका चाकाचा गाडा

संसार हा दोन चाकांचा गाडा आहे, हे वाक्य प्रथम कोण बोलला त्याचा पत्ता लागत नाही. पण ते ज्यात कोणी बोलले नाही असे मराठी लग्न सापडणे कठीण. मराठीचा प्राध्यापक म्हटला की मंगलकार्यात त्याच्याकडून चार शब्दांची अपेक्षा असते, आणि त्या चार शब्दांत ही दोन चाके मीही पुष्कळदा फिरवली आहेत. एका चाकाचे वाहन आपल्याकडे फक्त सूर्यनारायणाचे. त्याला सात घोडे आहेत, अरुणासारखा सारथी आहे, त्याला परवडते! साध्या माणसाने एका चाकावर बसायचे ते सर्कशीत, अशीच आपणां मंडळींची समजूत.

पण वाचकहो, या एकचाकी सायकलीची चक्क जागतिक स्पर्धा भरते. तिला ‘युनिकॉन’ म्हणतात. पहिली स्पर्धा १९८४ साली अमेरिकेत सिरॅक्यूज येथे झाली. पुढे बीजिंग, टोकियो, कोपनहेगन अशी गावे हिंडत २०२२ मध्ये विसावी स्पर्धा फ्रान्समध्ये ग्रनोबलला पार पडली, आणि जुलै २०२४ मध्ये एकविसावी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील बेमिजी या गावी. या एकविसावीला मी आणि सौभाग्यवती असे उभयता जातीने हजर होतो.

आम्हांला कोणी एका चाकावर बसवले नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. माझी धाकटी बहीण मिनियापोलिसला असते. तिची तेरा वर्षांची मुलगी स्पर्धेत उतरणार होती. शिवाय मी एक निरोप घेऊन चाललो होतो. चार वर्षांपूर्वी आमचे मेहुणे अचानक गेले. तेव्हापासून नोकरी, घर आणि मुलगी हे सारे बहीण एकटी सांभाळते. पुण्याला आमच्या आईच्या जिवाला घोर लागलेला. निघताना ती एवढेच म्हणाली, “तिला म्हणावं, पुष्कळ झालं. आता इकडे निघून ये.”

मिनियापोलिसहून बेमिजी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. गाव सरोवराच्या काठी. जवळच्याच इटास्का तळ्यात उगम पावलेली मिसिसिपी नदी आधी उत्तरेला या गावी येते आणि मग दक्षिणेची वाट धरते. सासरी जाण्याआधी लेकीने माहेरात एक फेरी मारावी तशी. एरवी शांत असणाऱ्या या गावात तेव्हा जिकडे पाहावे तिकडे एकेक चाक आणि त्यावर एकेक माणूस! शाळकरी पोरे होती, तसे पिकल्या केसांचे आजोबाही होते. कोणी मोठ्या चाकावर मैलोगणती दौडत होते, कोणी डोंगरउतारावरून उड्या घेत होते, कोणी चाकावर बसूनच बास्केटबॉल आणि हॉकी खेळत होते. जपानात कित्येक प्राथमिक शाळांच्या पटांगणांत एकचाक्या ठेवलेल्या असतात. त्यामुळे तिकडच्या मुली संगीताच्या तालावर चाकासकट अशा गिरक्या घेतात की आपले नृत्यही दोन पायांचे म्हणून अंमळ सोपेच असावे असे वाटू लागते. मला मात्र सर्वांत कौतुक वाटले ते या खेळाचा आंतरराष्ट्रीय महासंघ उभारण्यात पुढाकार घेणाऱ्या जॅक हाल्पर्न यांचे. हे गृहस्थ पेशाने कोशकार! जपानी लिपिचिन्हांचा त्यांचा जपानी-इंग्रजी कोश १९९० साली प्रसिद्ध झाला. आमच्या विभागात कोशाचे काम करणाऱ्यांना मी अद्याप साध्या सायकलीवरही पाहिलेले नाही.

शर्यतीच्या साध्या एकचाकीला साखळी नसते, हँडल नसते. पायटे थेट चाकाच्या आसाला जोडलेले; पाय थांबले की चाक थांबलेच. पुढे जायचे तर अंग किंचित पुढे झोकावे लागते, म्हणजे जवळजवळ पडावेच लागते, आणि पडण्याआधी चाक खाली आणावे लागते. दुचाकी शिकवताना बाप मागून सीट धरून धावतो. इथे सुरुवातीला फार तर हात देता येतो. तो सोडल्याखेरीज मूल शिकत नाही.

भाचीची शर्यत होती सावकाश जाण्याची. दहा मीटर लांब आणि अवघी पंधरा सेंटिमीटर रुंद फळी. तिच्यावरून जो सर्वांत जास्त वेळ घेईल तो जिंकला. मात्र थांबायचे नाही, मागे यायचे नाही, फळीवरून उतरायचे नाही. आमच्या सरकारी कचेऱ्यांनी या प्रकारात भाग घेतल्यास काय होईल, असे मी सौ.च्या कानात म्हणालो. पण ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. बहीण कार्यकर्ती म्हणून तिथेच वेळ मोजत होती. लेकीची पाळी आली तेव्हा तिने घड्याळ दुसऱ्या बाईंच्या हाती दिले आणि बाजूला येऊन उभी राहिली.

पोर फळीवर चढली. एक मीटर, दोन मीटर... मुंगीने हेवा करावा अशी चाल. आठव्या मीटरवर चाक थरथरले, कडेला गेले, आणि ती खाली आली. बाद. दोन वर्षांची मेहनत! मी पुढे धावणार तोच बहिणीने माझा दंड धरला. “थांब दादा. तिची ती येईल.” आणि खरेच, भाचीने चाक उचलले, पुढच्या मुलीसाठी फळी मोकळी केली, आणि तिला शुभेच्छा देऊन मगच आमच्याकडे आली. मग मात्र आईच्या खांद्यावर डोके ठेवून पोटभर रडली.

त्या रात्री पोर झोपल्यावर मी आईचा निरोप सांगितला. बहीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आईला सांग, हिची शाळा संपू दे. मग बघू. आत्ता हिला उतरवून नाही नेणार.” थोड्या वेळाने म्हणाली, “आणि आईला हेही सांग, तिची आठवण रोज येते.” यावर बोलण्याजोगे काही माझ्यापाशी नव्हते, सौ.ने उठून चहा टाकला.

पुण्याला आल्यावर दोन्ही वाक्ये आईला जशीच्या तशी सांगितली. ती काही बोलली नाही. मोबाइलवरचे शर्यतीचे चित्रण तेवढे तीनदा पाहिले, आणि तिन्ही वेळा आठव्या मीटरला डोळे मिटले.

त्यानंतरच्या दिवाळीत फराळाचे पार्सल निघाले. चकल्या, कडबोळी, बेसनाचे लाडू. शेवटी आईने एक कागदी पुडा आणून ठेवला. उघडून पाहतो तो आत गुडघ्यांना चढवायच्या पट्ट्यांचा कोरा जोड; आई स्वतः संधिवातासाठी वापरते तसल्याच, औषधांच्या दुकानातून मुद्दाम आणलेल्या. खेळाडूंना जाड संरक्षक पट्टे सक्तीचे असतात, ते तिच्याकडे आहेत, असे मी सांगू लागलो. “असू दे,” आई म्हणाली, “आतून घालेल.”