आइसलंडचे बेत

आइसलंडास जाण्याचा बेत करणें हें अलीकडे आमच्या मध्यमवर्गांत प्रतिष्ठेचें लक्षण होऊन बसलें आहे. काश्मीर झालें, सिंगापूर झालें, स्वित्झर्लंड झालें. आतां उरलें तें उत्तर अटलांटिक महासागरांतील हें ओबडधोबड बेट. पुण्यामुंबईच्या लोकांचें एक असो. पण जनावरांच्या बाजारासाठीं प्रसिद्ध असलेल्या आमच्या काष्टीसारख्या गांवींहि असे बेत कानांवर येऊं लागले आहेत. त्यास आमची मुळींच हरकत नाहीं. पैसा ज्याचा त्याचा, आणि "आपला सह्याद्रि काय वाईट?" म्हणून नाकें मुरडणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसूं इच्छीत नाहीं, कारण त्यांतील बहुतेकांनीं सह्याद्रिहि पाहिलेला नसतो. आमचा वाद आहे तो जाण्याशीं नव्हे, बेताशीं.

एका प्रवासी कंपनीचें पत्रक आमच्या पुढ्यांत आहे. मे महिन्यांतील आठ दिवस; तेवढ्यांत उत्तरध्रुवीय प्रकाश, बेटाच्या अंतर्भागांतील रंगीत डोंगर, हिमनद्या, धबधबे आणि रोज रात्रीं भारतीय जेवण. यांपैकीं जेवणाचें आश्वासन पाळतां येण्यासारखें आहे. रेक्याविक हें राजधानीचें शहर ६४ अक्षांशावर वसलेलें. तेथें मेच्या उत्तरार्धांत रात्र अशी होतच नाहीं. आणि काळोखावांचून तो प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं. त्याचा हंगाम साधारणतः सप्टेंबर ते एप्रिलचा पूर्वार्ध. उलट अंतर्भागांतील डोंगरी वाटा बर्फ वितळेपर्यंत बंद. त्या जूनअखेरीस किंवा जुलैंत खुल्या होतात, आणि तेव्हांहि चारी चाकें ओढणाऱ्या मोटारीखेरीज तेथें जाण्यास मनाई आहे. म्हणजे मे महिन्यांत या दोहोंपैकीं एकहि पदरांत पडणें नाहीं! मग हा महिना निवडला कोणीं? आमच्या शाळांच्या सुटीनें.

काष्टीच्या शनिवारच्या बाजारांत बैल घेणारा माणूस त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो, त्यास चालवून पाहतो, दहा जणांस विचारतो आणि मगच भावास हात घालतो. त्याच घरचा पदवीधर मुलगा लाखांनीं मोजावी लागणारी रक्कम चार रंगीत चित्रें पाहून मोजून देतो. दोघांपैकीं सुशिक्षित कोणास म्हणावें?

यावर कोणी म्हणेल कीं, माणूस सहलीस जातो तो विसाव्यासाठीं, तेथें अभ्यासाचें लोढणें कशाला? आक्षेप ऐकावयास गोड आहे. पण वीक गांवाजवळच्या रेनिसफ्यारा नांवाच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून छायाचित्रें काढून घेणाऱ्या प्रवाशांस अवचित आलेल्या लाटेनें ओढून नेल्याच्या घटना एकदां नव्हे, अनेकदां घडल्या आहेत. उघडलेलें मोटारीचें दार वारा उखडून नेतो. अंतर्भागांतील कित्येक नद्यांवर पूल नाहींत. पाण्यांतून मोटार घालावी लागते. वादळ झालें कीं बेटाभोंवतींचा सुमारें १३०० किलोमीटरांचा मुख्य रस्ताहि जागजागीं बंद होतो, आणि आगगाडी तर त्या देशांत नाहींच. अशा भूमींत ज्याच्या बेतांत एकहि रिकामा दिवस नाहीं, तो वेळापत्रक पाळण्यासाठीं वादळांत गाडी हांकतो. आमच्या पत्रकांत आठहि दिवस सकाळसंध्याकाळ भरलेले आहेत. ग्रिंडाविक हें मासेमारीचें गांव नोव्हेंबर २०२३ मध्यें भूकंपांच्या भीतीनें एका रात्रींत रिकामें करावें लागलें, आणि पुढें जानेवारी २०२४ मध्यें लाव्हा त्याच्या वेशीच्या आंत शिरून घरें जळालीं. तेथील भूमीस पत्रकें वाचतां येत नाहींत.

आणखी एका गोष्टीचें आम्हांस अधिक वाईट वाटतें. आमच्याकडे विहीर खणणाऱ्यास काळा पाषाण, मांजऱ्या, मुरूम असे थरावर थर लागतात. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं या दख्खनेंत लाव्ह्याचे पूर आले, त्यांचे ते थर. आइसलंड त्याच जातीच्या खडकाचें, पण त्याचा जुन्यांतला जुना दगड दीड-पावणेदोन कोटि वर्षांपलीकडचा नाहीं. आपली जमीन लहानपणीं कशी असेल तें पाहावयाचें असेल तर महाराष्ट्रीय माणसानें त्या बेटास अवश्य जावें. १७८३ सालीं लाकीच्या भेगांतून जो लाव्हा आठ महिने वाहिला त्याच्या विषारी वायूनें कुरणें नासलीं, निम्म्याहून अधिक गुरें मेलीं आणि मागोमाग आलेल्या दुष्काळानें देशांतील सुमारें पांचवा हिस्सा माणसें दगावलीं. दुष्काळ म्हणजे काय हें नगर जिल्ह्याच्या माणसास कोणी समजावून द्यावयास नको. लाकीच्या कांठीं उभा राहून तो जें समजेल तें लंडनच्या पाहुण्यास समजणार नाहीं. पण तेथील दगडी खांबांपुढें हर्षानें ओरडणारा आमचा प्रवासी मुंबईच्या विमानतळास जातांना अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे तसेच खांब मागें टाकून गेलेला असतो, आणि हें त्याच्या गांवींहि नसतें.

सुमारें चार लाख वस्तीचा तो देश, एक-दोन तालुक्यांएवढा. पण संगणकास त्यांनीं 'संख्या' आणि 'भविष्य सांगणारी स्त्री' या आपल्या दोन जुन्या शब्दांपासून नवा शब्द घडविला व तो बाजारांत चालविला. तेराव्या शतकांतील त्यांच्या सागा आजहि तेथें वाचल्या जातात. आमच्या भाषाशुद्धीच्या वादांत ज्यांनीं उभी हयात घालविली त्यांनीं तरी तेथें जाऊन यावें! पण प्रवासी काय आणतो? आमच्या चक्क्याचा सख्खा भाऊ शोभेल असें 'स्कीर' तेथें प्रत्येक दुकानांत मिळतें. तें चाखण्याऐवजीं तो डब्यांतलें श्रीखंड नेतो.

वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेस निघाले ते दक्षिणेच्या आशेनें. सांपडले १८५७ च्या धामधुमींत. बेत फसला, पण जें डोळ्यांपुढें आलें तें त्यांनीं नीट पाहिलें, म्हणून 'माझा प्रवास' उरला. आज मासिकांकडे येणाऱ्या आइसलंडच्या वर्णनांत उपाहारगृहाचा पत्ता मिळतो, डोंगराचें नांव मिळत नाहीं.

ज्यास अंतर्भाग पाहावयाचा आहे त्यानें जुलै-ऑगस्टांत जावें आणि उत्तरध्रुवीय प्रकाशाची आशा सोडावी. ज्यास तो प्रकाशच हवा त्यानें हिंवाळा पत्करावा, चार-पांच तासांचा दिवस पत्करावा, आणि आठवडाभर ढग न हटल्यास निमूट परत यावें. मुलांच्या सुटीशीं हें जुळत नसेल, तर मुलें मोठीं होईपर्यंत थांबावें.