गट काढण्याआधी

सातारा-सांगलीतल्या परित्यक्ता आणि एकट्या स्त्रियांच्या गटांसोबत मी काम करते. दोन बैठकांच्या मधल्या काळात एकमेकींशी बोलायचे कशावर, हा प्रश्न आता प्रत्येक गटात निघतो. उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते: व्हॉट्सॲप. फुकट आहे, सगळ्यांकडे आहे. पण ‘सगळ्यांकडे’ म्हणजे कुणाकडे? जत-आटपाडीकडे अशी घरे मी पाहिली आहेत, जिथे स्मार्टफोन एकच आणि तो मुलाच्या नाहीतर दिराच्या हातात. पोटगीच्या तारखेचा निरोप बाईच्या आधी तोच वाचतो.

२०१६ पासून या संदेशांना कुलूप आहे, कंपनीलाही ते वाचता येत नाहीत, असे कार्यकर्त्या मला सांगतात. खरे आहे. पण आपल्या बायकांना भीती कंपनीची नाही, घरातल्यांची आहे. शिवाय हा गट फोन नंबरावरच उभा असतो. सिग्नलने २०२४ साली नंबर न दाखवता बोलण्याची सोय आणली. मात्र फोनवर नवे चित्र दिसले की सासू विचारते, हे कसले? व्हॉट्सॲपबद्दल असे कुणी विचारत नाही, ही त्याची खरी जमेची बाजू.

२००८ साली म्हसवडला माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झाले. ऐकायला अक्षरओळख लागत नाही, कोण ऐकतेय तेही कळत नाही. पण आपली केस त्यावर बोलता येत नाही.

मला सर्वांत जास्त खटकते ती ॲडमिनची सत्ता. हिशेब विचारणाऱ्या एका बाईला बचत गटाच्या ग्रुपमधून रातोरात काढून टाकले. भर बैठकीतून तिला उठवायची कुणाची छाती झाली नसती! सांगली जिल्ह्यात १९८०च्या दशकात परित्यक्तांची चळवळ उभी राहिली ती बैठका-मोर्च्यांतूनच.

म्हणून माझे म्हणणे असे: व्हॉट्सॲपवर फक्त तारखा आणि ठिकाणे, कुणाची केस नाही. ॲडमिन दोघी, दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या. कुणाला काढायचे असेल तर ठराव बैठकीत, तिच्यासमोर. आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांची नावे वहीत वेगळी लिहावीत. तारीख बदलली तर त्यांच्या घरी कोण जाणार, हेही त्याच दिवशी ठरवावे.