ओरडा कशासाठी, शाबासकी कशाची?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कप्तान होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. मी शाळकरी मुलींना खो-खो शिकवते. पालक मला हमखास दोन गोष्टी सांगतात. 'मॅडम, चुकली तर दोन ठेवून द्या,' ही एक. आणि 'मुलीची जात आहे, फार ताणू नका,' ही दुसरी. मला दोन्ही पटत नाहीत.

धाकाने शिस्त लागते असं वाटणाऱ्यांनी एकदा खो-खो नीट बघावा. चौकोनात बसलेल्या मुलीला मागून 'खो' मिळाल्याशिवाय उठता येत नाही. उठली की फाऊल. घाबरलेली मुलगी नेमकी आधीच उठते, नाहीतर खो मिळूनही दचकून बसून राहते. शिवाय मुलगी रडत घरी गेली की खेळ बंद करायला घरच्यांना निमित्तच मिळतं. एरवीही पाळी सुरू झाली, क्लास लागले की कितीतरी जणींचं मैदान सुटतंच.

म्हणून नुसते लाडही नकोत. 'जाऊ दे गं, मुलगी आहे' म्हणत उशीर आणि अर्धवट सराव चालवून घेणं म्हणजे तिच्याकडून काही अपेक्षाच न ठेवणं. मुलींना ते बरोबर कळतं.

मी एक साधा नियम पाळते. जे मुलीच्या हातात आहे, त्याचीच शिस्त आणि त्याचीच शाबासकी. वेळेवर येणं, जीव लावून पळणं, बाद झालेल्या मैत्रिणीला टाकून न बोलणं हे तिच्या हातात आहे. तिथे सूट नाही, मग ती कितीही चपळ असो. सामना हरला, सूर हुकला, त्यावर ओरडा नाही. उशीर झाला तर आधी कारण विचारते. कुणाच्या घरी पाणीच सहाला येतं. मग तिची वेळ अर्धा तास पुढे ठरवायची, पण ठरलेली वेळ तिनेही पाळायची.

कौतुकही नेमकं हवं. 'छान खेळलीस' म्हटल्याने काय छान झालं ते कळत नाही. 'आज खो देऊन लगेच जागेवर बसलीस' म्हटलं की उद्या काय करायचं तेही समजतं.

तेव्हा मैत्रिणींनो, लेकीला खेळायला पाठवताना 'दोन द्या' म्हणू नका आणि 'ताणू नका'ही म्हणू नका. तिचे सर किंवा मॅडम कशासाठी रागावतात आणि कशाला शाबासकी देतात, हे एकदा मैदानाच्या कडेला उभं राहून बघा.