उंबरा की चौरस फूट?

आम्हा करकंबच्या माणसांना 'मेंटेनन्स' हा शब्द तसा परकाच. नळाला पाणी आले नाही तर ग्रामपंचायतीच्या नावाने ओरडायचे, घराचे पत्रे गळायला लागले तर आपणच वर चढायचे. पण मुलगा पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, वर्षातले तीन-चार महिने आम्ही दोघे तिथेच असतो, त्यामुळे म्हातारपणी या विषयाचा अभ्यास करावा लागला.

निमित्त झाले गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे. अंदाजपत्रक लाखांत गेले आणि मीटिंगमध्ये भांडण जुंपले. आमच्या मुलाचा फ्लॅट तीन बेडरूमचा. तळमजल्यावर एका खोलीच्या घरात एक वयस्कर बाई एकट्याच राहतात, पतीच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनवर. मोठ्या फ्लॅटवाल्यांचे म्हणणे, सगळ्यांनी सारखे द्यावे. माझा मुलगाही त्यांच्यातच. लहान फ्लॅटवाले म्हणाले, चौरस फुटावर वाटा. त्या बाई म्हणाल्या, "गच्चीची किल्ली मला आजवर कधी मिळाली नाही." सगळे हसले. मला काही हसू आले नाही.

मंडळी, खेड्यात ही दोन्ही मापे पूर्वीपासून आहेत. जत्रेची वर्गणी उंबऱ्यामागे. नळपट्टीही नळामागे ठरलेली, मग घरात दोन माणसे असोत नाहीतर बारा. घरपट्टी मात्र घर केवढे आणि बांधकाम कसले ते पाहून लागते. उजनीच्या कालव्याची पाणीपट्टी क्षेत्र आणि पीक पाहून. दहा एकर ऊसवाल्याने आणि अर्धा एकर ज्वारीवाल्याने सारखीच भरावी असे म्हणायचे धाडस आमच्याकडे कुणी करणार नाही!

कायदाही शोधून वाचला. बी.ए. मराठीतून केलेल्या माणसाला जड गेला, पण समजला. गंमत अशी की एकसारख्या दिसणाऱ्या दोन इमारतींना दोन वेगळे कायदे असू शकतात. सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर 1960 चा सहकार कायदा आणि उपविधी. आदर्श उपविधींत पहारेकरी, झाडलोट, जिन्यातले दिवे असा सेवाखर्च सर्व फ्लॅटना सारखा. लिफ्टचाही सारखाच, वापरा अथवा न वापरा. पण दुरुस्ती निधी वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का, तोही फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर. म्हणजे मोठ्या घराला जास्त. 'सोसायटीत सगळे सारखेच' असे छातीठोक सांगणारे हा भाग वाचतच नाहीत.

दुसरा कायदा 1970 चा, अपार्टमेंट मालकीचा. त्यात सामाईक मालमत्तेत ज्याचा जितका टक्का हिस्सा, तितकाच खर्चाचा वाटा. हा टक्का डिक्लरेशनच्या दस्तात लिहिलेला असतो. पुण्याच्याच एका संकुलाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये हेच उचलून धरले. लहान फ्लॅटवाल्यांकडून सारखी वर्गणी घेता येत नाही.

माझे मत विचाराल तर पहारेकऱ्याचा पगारसुद्धा टक्क्याने वाटणे मला थोडे जाचक वाटते. तो काही मोठ्या फ्लॅटची जास्त राखण करत नाही. तिथे उंबऱ्याचे माप बरे. पण गच्ची, रंग, पाया, ड्रेनेज यांवर पैसा घातला की मालमत्तेची किंमत टिकते, आणि ज्याची मालमत्ता दुप्पट त्याचा फायदाही दुप्पट. मग खर्चाच्या वेळीच एकदम समता कशी आठवते? तिसरीतल्या आणि दहावीतल्या मुलाला एकच पेपर देऊन 'आम्ही भेदभाव करत नाही' म्हणण्यासारखे आहे हे.

असो. आमची इमारत सोसायटी की अपार्टमेंट, हे मी पुढच्या मीटिंगला विचारले, तर कुणालाच सांगता येईना. पावत्यांवर वर्षानुवर्षे 'सोसायटी' छापलेले. शेवटी कुणाच्या तरी कर्जाच्या फायलीतून दस्त निघाला. अपार्टमेंट! त्या बाईंचा टक्का आमच्या निम्म्याहूनही कमी होता. मुलाने तिथेच वहीत आकडेमोड केली, आणि घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

रात्री जेवताना म्हणाला, "अण्णा, करकंबला कधी निघताय?"

पैसे मात्र त्याने त्याच आठवड्यात भरले, टक्क्याप्रमाणे.