कोअर मोजण्याआधी फाइल बघा

लातूरच्या क्लासमधले तासाभराचे लेक्चर असो की नांदेडच्या लग्नाचे दोन-तीन कॅमेऱ्यांचे शूटिंग, एडिटिंगसाठी कॉम्प्युटर घेताना पहिला प्रश्न ‘कोअर किती?’ हाच असतो. माझ्या मते तो नंतरचा प्रश्न. आधी विचारावे, कॅमेरा फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये देतो? आजचे अनेक मिररलेस कॅमेरे एच.२६५, १०-बिट, ४:२:२ या रंगांचा तपशील जास्त ठेवणाऱ्या फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करतात. त्यात बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्याच नसतात, फक्त काय बदलले तेवढे नोंदलेले असते. हळदीतला एखादा क्षण शोधायला टाइमलाइनवर माउस मागे ओढला, की आधीच्या कितीतरी फ्रेम उलगडाव्या लागतात. हे काम चिपमधला खास डिकोडर करत असेल तर चित्र सरसर सरकते. नसेल तर भरपूर कोअर असूनही अडखळते.

इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये अशा डिकोडरची सोय आहे. मात्र नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ते ग्राफिक्सच बंद असते, आणि थोड्या बचतीसाठी नेमका तोच घेतला जातो. कोणी म्हणेल, ग्राफिक्स कार्ड आहे ना! पण एनव्हिडियाने ४:२:२चा डिकोडर २०२५च्या आरटीएक्स ५० मालिकेत आणला. त्याआधीच्या कार्डांत तो नाही. प्रॉक्सी फाइल, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी प्रत, बनवून जुन्या मशीनवर भागते, हे खरेच. शूटिंग जुने डिकोडरही उलगडतात अशा साध्या ८-बिट ४:२:०चे असेल, तर नवे मशीन घेऊच नये. पण ऐन लग्नसराईत प्रत्येक कार्यक्रमाच्या प्रॉक्सी बनवण्यात जाणारे तास परत मिळत नाहीत. म्हणून दुकानात जाताना स्वतःचे मेमरी कार्ड खिशात असू द्या, आणि आपलीच क्लिप तिथल्या टाइमलाइनवर मागे-पुढे ओढून बघा.